बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूरकडे राहून बालपोषणाच्या अ‍ॅडव्होकसीत इंटर्नशिप करायची, पण कन्नड येत नाही. जमेल का?

जमेल, पण कन्नड वाचण्यापुरतं तरी शिकाच. घरात आया मराठी बोलतील, पण अंगणवाडीची रजिस्टरं कन्नडमध्ये. मी पहिल्या आठवड्यात नुसती आकड्यांवर बोट ठेवून बसायचे. अंगणवाडीताईंनीच ‘तूक’ म्हणजे वजन, ‘एत्तर’ म्हणजे उंची हे शिकवलं.

अ‍ॅडव्होकसी म्हणजे मुलांची बाजू सरकारपुढे मांडणं, नुसती भाषणं नव्हेत. आधी मुलाच्या दंडाला मोजपट्टी लावायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंमीच्या खाली आला की ते तीव्र कुपोषण, साडेबारापर्यंत मध्यम. पट्टी फार आवळली की आकडा उगाच कमी येतो, सैल धरली की आजारी मूल सुटतं. मग खरं काम: लाल पट्टीतलं, म्हणजे साडेअकराच्या खालचं मूल पोषण पुनर्वसन केंद्रात (तिथे आईसोबत राहून उपचार घ्यायचे असतात) का जात नाही? बहुतेकदा आईची मजुरी बुडते, घरी धाकट्याला कोण बघणार? कर्नाटक सरकारच्या २०१७ पासूनच्या ‘मातृपूर्ण’ आहार योजनेचंही तसंच, गरोदर बाईनं गरम जेवायला रोज अंगणवाडीपर्यंत चालत यायचं. हे गावनिहाय लिहून तालुक्याच्या बालविकास अधिकाऱ्यांना द्या. निवेदन कन्नडमध्ये द्या बरं का. भाषेचा वाद आपला जुना आहे, पण मुलाचा दंड तोवर थांबत नाही.

स्टायपेंड आणि एसटीचा खर्च आधीच विचारून घ्या.