दोघीच धावतात, मग नंबर कसा लागतो?

प्रश्न : ताई, आमची पोरगी सहावीत आहे, रोज संध्याकाळी स्केटिंगच्या क्लासला जाते, चाकांचं स्केटिंग. परवा ती मोबाइलवर बर्फावरची बायकांची पाच हजार मीटरची जुनी रेस पाहून राहिली होती म्हणून मीपण बसले. एका वेळी दोनच मुली धावतात, मधेच एकमेकींच्या पट्ट्यात घुसतात, एक जण सोबतच्या मुलीच्या चांगली पुढे आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि शेवटी तिला मेडलच नाही! आमचे मामंजी म्हणे ही काय रेस आहे का, नुसत्या गोल गोल फिरून राहिल्या. खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. यात पाहायचं काय असते?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मामंजींचं चुकलं नाही हो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला असंच वाटते, मलाही वाटलं होतं. बाजूला धावणारी मुलगी फक्त सोबतीला असते असं समजा. खरी रेस घड्याळाशी. सगळ्या जोड्या धावून झाल्या की सगळ्यांचे टाइम लावतात आणि सगळ्यात कमी ज्या तिघींचा त्यांना मेडल. म्हणून आपल्या जोडीत जिंकलेली मुलगी एकूण नवव्या नंबरवरही राहू शकते.

पट्टे बदलतात कारण ४०० मीटरच्या ट्रॅकवर आतलं वळण लहान, बाहेरचं मोठं. एकीला सतत आत ठेवलं तर दुसरीवर अन्याय, मग दर फेरीला अदलाबदल करायची, आतली बाहेर, बाहेरची आत. दोघी एकाच वेळी तिथं पोचल्या तर बाहेरून आत येणारीचा हक्क पहिला, आतून बाहेर जाणारीनं सांभाळून घ्यायचं. हे चुकलं की सगळं गेलं. २०१० मध्ये व्हँकुव्हर ऑलिंपिकला पुरुषांच्या दहा हजार मीटरमध्ये हॉलंडचा स्वेन क्रामर सगळ्यात कमी टाइम काढूनही बाद झाला, त्याच्या कोचनंच घाईत त्याला चुकीच्या पट्ट्यात पाठवलं होतं.

आता पाहायचं काय. पुढच्या वेळी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, जिथं आपण दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथं पोरीला फेऱ्यांचे टाइम लिहायला लावा. पाच हजारात साडेबारा फेऱ्या असतात, पहिली अर्धी फेरी सोडून द्या, ती उभ्यानं सुरू होते. त्यानंतर स्क्रीनवर दर फेरीचे सेकंद येतात, ३२.१, ३२.०, ३२.३ असे. मोठ्या स्पर्धेत वरच्या मुली ३२ च्या आसपास असतात. एखादी सुरुवातीला ३१ नं सुटते, लोक ओरडतात, वा वा होते, आणि आठव्या-नवव्या फेरीला तिचे आकडे ३३, ३३.८, ३४.५ असे चढायला लागतात, तेव्हा चेहऱ्याकडे पाहूही नका, मांड्यांकडे पहा, कंबर वर यायला लागते, पाय लांब जात नाही. दुसरी एखादी ३२.५ नं निघून शेवटपर्यंत ३२.५ वरच राहते, दिसायला काहीच करून नाही राहिली आणि मेडल घेऊन जाते. तिकडे काठावर कोच हातात पाटी धरून उभा असतो, त्यावर मागच्या फेरीचा टाइम. मला तर सगळ्यात मजा त्या पाटीचीच येते.

एक किस्सा मामंजींना नक्की सांगा. १९९८, जपानमधलं नागानो ऑलिंपिक. जर्मनीची गुंडा नीमन ६ मिनिटं ५९.६५ मध्ये आली, पाच हजारात सात मिनिटांच्या आत येणारी पहिली बाई, जागतिक विक्रम! थोड्या वेळानं तिच्याच देशाची क्लाउडिया पेखश्टाइन धावली आणि ५९.६१ मध्ये आली. पाच किलोमीटरनंतर फरक फक्त चार शतांश सेकंदाचा. अंतरात मोजलं तर अर्धा मीटरही नाही, आपल्या स्वयंपाकाच्या ओट्याच्या रुंदीपेक्षा कमी. आणि दोघी एकमेकींच्या बाजूला धावल्याच नाहीत. गुंडा बिचारी बसून पाहत होती.

२०२० मध्ये रशियाच्या नतालिया वोरोनिनानं सॉल्ट लेक सिटीला हाच टाइम ६:३९.०२ वर आणला, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. वर्धा रोडवर तुमच्या स्कुटीचा काटा जिथं असतो तिथं, तेही वाकून, साडेबारा फेऱ्या. ते शहर १४०० मीटर उंचीवर आहे, हवा विरळ, अडवणूक कमी, म्हणून विक्रम बरेचदा तिकडे होतात. आपलं नागपूर ३०० मीटरवर, त्यामुळे पोरीनं इथं टाइम काढला तर त्याला थोडा जास्त मान द्या.

प्रश्न : त्यांचा बूट तुटलेला असतो का? टाच उचलली की ब्लेड खालीच राहते आणि टकटक वाजते. आणि हात पाठीमागे का ठेवतात?
– इयत्ता ७ वी, महाल

उत्तर : शाबास, नजर चांगली आहे तुझी. तुटलेला नाही बाळा, मुद्दाम तसा केलाय. ब्लेडला पुढच्या बाजूला बिजागरी असते, दाराला असते तशीच. टाच वर गेली तरी ब्लेड बर्फाला चिकटून राहते, पाय शेवटपर्यंत ढकलता येतो, मग स्प्रिंग ओढून परत लावते, तोच तो टकटक आवाज. १९९६-९७ च्या सीझनला हॉलंडच्या बायकांनी हे बूट घातले तेव्हा बाकीचे आधी हसले, आणि पुढच्याच वर्षी नागानोला सगळ्यांच्या पायात तेच. हात मागे ठेवले की हवा कमी अडते आणि दमही वाचतो. वळणावर उजवा हात सोडतात. घरी आरशासमोर वाकून दोन मिनिटं उभा राहून बघ, मांड्या काय म्हणतात ते मला कळव.

प्रश्न : ४५ डिग्रीच्या गावात राहून चाकांवरून बर्फावर जाता येते का? क्लासवाले सांगतात येते, फी पण तशीच घेतात.
– एक बाबा, मानेवाडा

उत्तर : जाता येते, पण इथून नाही. इटलीची फ्रान्चेस्का लोलोब्रिजिदा चाकांवर अनेकदा जगज्जेती झाली, मग बर्फावर उतरली, २०२३ मध्ये आई झाली आणि २०२५ ला नॉर्वेत हामारला पाच हजार मीटरची विश्वविजेती. चेक देशाच्या मार्टिना साब्लिकोवाकडे तर घरी ४०० मीटरचा झाकलेला ट्रॅकसुद्धा नव्हता तरी २०१० आणि २०१४ ला पाच हजारचं ऑलिंपिक सोनं तिचं. आपल्याकडे देहरादूनला बर्फाची रिंक आहे पण ती लहान, या लांब रेसची नाही. चाकांवर मात्र रस्ता मोकळा आहे, २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आपल्या मुलींनी तीन हजार मीटर रिलेचं ब्राँझ आणलं. तेव्हा बर्फाच्या नावानं जास्तीची फी मागत असतील तर देऊ नका, मी एकदा भाच्यासाठी दिली होती आणि सहा महिने त्यानं फक्त सरावाला मांडलेले प्लॅस्टिकचे कोन गोळा केले. तेवढ्या पैशात चांगली चाकं आणि बेअरिंग येतात. मे महिन्यात सकाळी सहाच्या आत सराव आटोपा, नंतर डांबर तापलं की पडल्यावर खरचटते कमी आणि भाजते जास्त.