'मला मशीनवर ठेवू नका' असं वडिलांनी लिहून ठेवलं तर कायद्यानं चालतं का?

तुमचा प्रश्न असा: वडील ७६ वर्षांचे, उदगीरला असतात, 'मला मशीनवर ठेवू नका' म्हणतात. तसं लिहून ठेवता येतं का, की इच्छामरणाला अजून परवानगीच नाही?

लिहून ठेवता येतं. इंजेक्शन देऊन जीव संपवणं मात्र आजही गुन्हाच, रुग्णानं स्वतः मागितलं तरी. नेदरलँड्समध्ये २००२ पासून ते कायदेशीर आहे. आपल्याकडचा वाद त्यावरूनच. माझं मत विचाराल तर वावर विकून आयसीयूचं बिल भरणाऱ्या घरात म्हाताऱ्याची 'स्वेच्छा' नेमकी कुणाची हे ठरवणं फार अवघड, म्हणून त्या कायद्याची मला धास्तीच वाटते. तुमच्या वडिलांचं म्हणणं वेगळं आहे. बरा न होणाऱ्या आजारात कृत्रिम उपचार नाकारायचा हक्क सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ९ मार्च २०१८ ला मान्य केला. या कागदाला लिव्हिंग विल म्हणतात. आधी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. २४ जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो.

वडील शुद्धीत, स्वखुशीनं, दोन साक्षीदारांसमोर सही करतील. साक्षीदार शक्यतो घरचे नकोत. शुद्ध हरपल्यावर निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं त्यात हवीत, एकाहून जास्तही चालतात. एकेक प्रत त्यांना आणि घरच्या डॉक्टरांना द्या, आणि एक नगरपरिषदेत (खेड्यात असाल तर ग्रामपंचायतीत). तिथल्या टेबलावर हा कागद कुणी पाहिलेलाच नसेल, तरी आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय हलू नका.

घोळ होतो तो मजकुरात. 'मला त्रास देऊ नका' यातून डॉक्टरला काहीच कळत नाही, आणि मजकूर मोघम असला तर तो अमलात येत नाही. व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र पाडून नळी, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबणं, नाकातून अन्न देणारी नळी: यातलं काय नको ते नाव घेऊन लिहा. कोणत्या अवस्थेत नको तेही लिहा, नाहीतर साध्या न्यूमोनियात चार दिवसांच्या व्हेंटिलेटरनं बरा होणारा माणूस अडकायचा. 'वेदना आणि दम कमी करणारी औषधं द्यावीत' ही ओळ आवर्जून घाला.

वेळ आली की रुग्णालय दोन मंडळं बसवतं. पहिल्यात उपचार करणारे डॉक्टर आणि किमान ५ वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. दुसऱ्यात मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले आणखी दोन तज्ज्ञ. प्रत्येक मंडळानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. मग न्यायदंडाधिकाऱ्यांना नुसतं कळवायचं, परवानगी मागायची नाही. मंडळानं नकार दिला तर उच्च न्यायालयात, म्हणजे तुमच्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाता येतं. तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात इतके तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून अशा रुग्णाला वेळेत लातूर, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात हलवलेलं बरं.

हे जमलं नाही की आपल्याकडे 'सहीवर घरी न्या' होतं. नळी काढून गाडीत घालतात, आणि मॉर्फिनविना (तीव्र वेदना आणि दम कमी करणारं औषध) माणूस तासन्‌तास तडफडतो. घरीच न्यायचं ठरलं तर आधी जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांची चौकशी करा, औषध हातात पडल्यावरच हलवा.

आणखी एक. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं उतरलेला भाऊ आयसीयूच्या दारात 'काय वाटेल ते करा, पण वाचवा' म्हणतो आणि कागद कपाटातच राहतो. सगळ्या भावंडांना सही होतानाच बोलवा, कागदाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ठेवा. वडिलांचं मन बदललं तर शुद्धीत असेपर्यंत कधीही लेखी रद्द करता येतं, हे त्यांनाही सांगा.