याकोब आणि पौल यांच्यात खरं कोणाचं? आधी याकोबाचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा

तुम्ही विचारलंय: बायबलच्या नव्या करारातल्या पत्रांत याकोब म्हणतो क्रियांवाचून विश्वास निर्जीव, पौल म्हणतो माणूस विश्वासाने नीतिमान (देवापुढे निर्दोष) ठरतो, मग मानायचं कोणाचं?

हा प्रश्न विचारणारा जवळजवळ प्रत्येक जण याकोब 2:14 पासून वाचायला लागतो, आणि मला तेच खटकतं. त्याआधीची तेरा वचनं कोणाला कुठे बसवायचं याबद्दल आहेत. सभेत दोघे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर झगझगीत कपडे. दुसऱ्याचे कपडे मळलेले. पहिल्याला 'या, इथे बसा'. दुसऱ्याला 'तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे माझ्या पायाशी बस'. पक्षपातासाठी जो ग्रीक शब्द तिथे आहे त्याचा अर्थच तोंड पाहून माणूस स्वीकारणं. पंगतीत तोंड बघून वाढणं आपण म्हणतो, तेच हे. म्हणजे चौदाव्या वचनात 'मला विश्वास आहे' म्हणणारा माणूस कोण, हे याकोबाने आधीच दाखवून ठेवलंय: गरिबाला पायाशी बसवणारा.

पौलाचं थोडक्यात सांगतो. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमान गणला गेला, या उत्पत्ती 15:6 चाच आधार दोघेही घेतात. पौलाचा मुद्दा असा की अब्राहाम नीतिमान गणला गेला तो सुंतेच्या आधी. सुंता नंतर, वयाच्या 99 व्या वर्षी झाली. याकोब त्याच वचनाला उत्पत्ती 22 मधला, अब्राहामाने मुलगा इसहाक याला वेदीवर ठेवल्याचा प्रसंग जोडतो. एक जण देवाकडे जायच्या दारावर सुंतेचा, म्हणजे जातीचाच शिक्का मागणाऱ्यांशी भांडतोय, दुसरा तोंडपाटीलकीशी. आणि गलती 5:6 मध्ये प्रीतीच्या द्वारे काम करणारा विश्वास असं पौल स्वतःच लिहितो. यरुशलेमेत याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी पौलाशी हातात हात दिला तेव्हा मागणी एकच होती, गरिबांची आठवण ठेवा (गलती 2:10). पौलाने ती पाळली, मासेदोनिया आणि अखया इथून वर्गणी गोळा करून.

आता मुख्य गोष्ट. पक्षपात हा मनातला विकार आहे, प्रार्थना केली की जाईल, असं म्हणून लोक सुटतात. प्रेषितांची कृत्ये अध्याय 6 पाहा. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जात होतं. प्रेषितांनी 'प्रेमाने राहा' असा उपदेश देऊन विषय मिटवला नाही. सात माणसं निवडायला लावली, आणि त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सगळी ग्रीक नावं. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हाती वाटप गेलं. आपल्या मंडळीत मदतनिधी आहे, पण तो वाटणाऱ्या कमिटीत मदत घेणाऱ्या वस्तीतलं एकही माणूस नाही, तर कृत्ये 6 वर उपदेश करू नये.

निधीचा व्यवहार कसा असावा? पेटी उघडताना दोन माणसं, दोन वेगवेगळ्या घरांतली, आणि रक्कम तिथेच वहीत लिहून दोघांच्या सह्या. पौलानेही (2 करिंथ 8:20-21) पैशाबाबत कोणी बोट दाखवू नये म्हणून सोबत माणसं घेतली होती. देताना फोटो नाही, व्यासपीठावर बोलावणं नाही. अर्ज लिहून मागितला की ज्यांना लिहिता येत नाही ते येतच नाहीत, आणि कमिटी म्हणते 'गरजू कोणी नाही'. म्हणून घरी जाऊन विचारायचं, आणि तेही दोघांनी.

कापणीच्या सणाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो, तिथे सगळ्यात जास्त घोळ. एक अंडं शंभरला घेणाऱ्याचं नाव माईकवर तीनदा, आणि ते अंडं आणणाऱ्या म्हातारीचं नाव कुठेच नाही. बोली लावा, पण नाव दोघांचं घ्या किंवा कोणाचंच घेऊ नका.

पहिल्या रांगेवर 'राखीव' चिठ्ठी लावली की दारावरच्या माणसाला रोज तोंड बघून निवड करावी लागते, आणि मग तो याकोबाच्या गोष्टीतला माणूस होतो. चिठ्ठीच काढा. उशिरा येणाऱ्याला जिथे जागा असेल तिथे, मग तो नगरसेवक असो. तिसऱ्या शतकात सिरियाच्या भागात लिहिलेल्या एका मंडळी-नियमावलीत बिशपला सांगितलंय की गरीब माणूस आला आणि जागा नसेल, तर त्याला जागा कर, स्वतः जमिनीवर बसावं लागलं तरी. भारतातही हा वाद जुनाच. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या मंडळ्यांना जातिभेद ठामपणे, ताबडतोब आणि कायमचा सोडायला लिहिलं. तंजावरला बरेच लोक मंडळी सोडून गेले, पण विल्सन यांनी हुकूम मागे घेतला नाही.

'असं केलं तर देणगीदार दुखावतील, मग चर्च कसं चालणार?' हे वाक्य पंचकमिटीत ठरलेलं. याकोबाने त्यालाही उत्तर दिलंय (2:6): तुमच्यावर जुलूम करणारे आणि तुम्हाला कोर्टात ओढणारे श्रीमंतच ना?

दया न्यायावर विजय मिळवते (2:13) याचा अर्थ कमिटीने चोरी पोटात घालावी असा मात्र कोणी घेऊ नये. ती ओळ, ज्याने दया केली नाही त्याचा न्याय दयेविना होईल या इशाऱ्याला लागून आहे. आणि एक राहिलंच: लेवीय 19:15 गरिबाचीही तरफदारी करू नको म्हणतं, म्हणून गरीब आहे म्हणून हिशेब न मागणं हेही चूकच. तसंच पिकल्या केसांच्या माणसाला, गुडघे धरलेल्या आजीला पुढची खुर्ची देणं हा पक्षपात नाही. लेवीयच्या त्याच अध्यायात, 32 व्या वचनात, ते सांगितलेलंच आहे.