शोधनिबंधात प्रत्येक वाक्यानंतर संदर्भ द्यायचा का?

तुम्ही विचारलंय की मार्गदर्शकांनी ‘संदर्भ नीट नाहीत’ एवढाच शेरा मारून पेपर परत केला. शेवटी संदर्भसूची तर दिली आहे, मग आता काय प्रत्येक वाक्यानंतर संदर्भ द्यायचा?

प्रत्येक वाक्यानंतर नको. पण शेवटी सूची दिली की काम झालं, असंही नाही, आणि त्यांचा शेरा बहुधा त्यासाठीच असणार. शेवटी वीस-पंचवीस पुस्तकांची यादी आणि मजकुरात एकाही पुस्तकाची खूण नाही, असे पेपर माझ्याकडे तपासायला नेहमी येतात. कुठलं विधान कुठल्या पुस्तकातून आलं हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

दुसऱ्याचे शब्द, आकडे, निष्कर्ष, मत, तक्ता किंवा आकृती घेतली की तिथल्या तिथे खूण करायची. तुमचं स्वतःचं निरीक्षण किंवा त्या विषयात सगळ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट असेल तर गरज नाही. एकाच लेखाचा सारांश सलग परिच्छेदभर देत असाल तर पहिल्या वाक्यात संदर्भ द्या, आणि पुढची वाक्यंही त्याच लेखातली आहेत हे कळेल असं लिहा (‘याच पाहणीत पुढे असं दिसलं की...’). मध्येच दुसरा लेखक आला किंवा तुमचं मत सुरू झालं की तसं स्पष्ट करा. आणि एक गैरसमज: शब्द बदलले म्हणजे कल्पना आपली होत नाही. अवतरणचिन्हं फक्त जशाच्या तशा शब्दांना लागतात, संदर्भ मात्र दोन्हीकडे लागतो.

आता शैली, म्हणजे संदर्भ लिहायची ठरावीक पद्धत. एपीए, एमएलए, शिकागो, व्हँकुव्हर, आयईईई, यातली कुठली चालेल ते विभागात विचारा आणि तीच शेवटपर्यंत पाळा. एपीएमध्ये कंसात आडनाव आणि वर्ष, एमएलएमध्ये आडनाव आणि पान, व्हँकुव्हर आणि आयईईईमध्ये क्रमांक. विद्यार्थी सगळ्यात जास्त घाबरतात ते स्वल्पविराम आणि तिरक्या अक्षरांना. माझ्या मते तो भाग सगळ्यात सोपा आहे, नमुना समोर ठेवून एका दुपारी उरकतो. लेखक, वर्ष, शीर्षक, कुठे छापलं, खंड-अंक-पानं एवढी माहिती हातात असेल तर कुठल्याही शैलीत बसवता येते.

खरी गोची वेगळीच आहे. आपण जे वाचलेलंच नसतं त्याचा संदर्भ देतो.

हे मी उपदेश म्हणून सांगत नाहीये, स्वतः केलेलं आहे. माझ्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सूचीतल्या एका जुन्या ग्रंथावर बोट ठेवलं आणि विचारलं, “याचं शेवटचं प्रकरण तुमच्या मुद्द्याच्या उलट जातं, त्याचं काय केलंत?” मी तो ग्रंथ उघडलासुद्धा नव्हता. दुसऱ्या कुणाच्या लेखात त्याचं नाव दिसलं, वजनदार वाटलं, उचललं. पुढची पाच मिनिटं मी काय बोलले ते आठवायची आजही इच्छा नाही.

असं करणारी मी एकटी नव्हते, एवढाच दिलासा. सिमकिन आणि रॉयचौधरी या दोन संशोधकांनी भौतिकशास्त्रातल्या १९७३ च्या एका गाजलेल्या पेपरला इतरांनी दिलेले सुमारे ४,३०० संदर्भ पाहिले. त्यातल्या १९६ संदर्भांत चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. पान क्रमांकातली एक विशिष्ट चूक तर ७८ जणांकडे जशीच्या तशी! इतक्या जणांचं बोट त्याच चुकीच्या आकड्यावर आपापलं घसरलं, हे पटणं कठीण आहे. एकाची सूची पाहून दुसऱ्याने उतरवली, दुसऱ्याची पाहून तिसऱ्याने.

याचे परिणाम तोंडी परीक्षेपुरते राहतात असंही नाही. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या आणि अफूजन्य वेदनाशामकं दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी फक्त चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढंच त्यात होतं. घरी जाऊन महिनोनमहिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात याची झाडाझडती आली: पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला होता, त्यातल्या ७२ टक्के लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून दिला होता, आणि ८० टक्क्यांहून अधिक लेखांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. पाच वाक्यं वाचायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून मूळ लेख मिळवून वाचा. मिळतच नसेल तर तसं मोकळेपणाने लिहा: ‘अमुक (१९६२), तमुक (२०१५) यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’. सूचीत मग तमुकांचा लेख जातो, कारण तोच तुम्ही वाचलाय. यात कमीपणा नाही. फक्त पानोपानी असं दिसायला लागलं तर परीक्षक भुवया उंचावणारच.

हे जमवायचं तर सवय वाचतानाच लावावी लागते. टिपण काढताना जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य लगेच अवतरणचिन्हांत टाका आणि शेजारी पान क्रमांक लिहा. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर वाक्य आपलं की लेखकाचं हे आठवत नाही, आणि बरंचसं वाङ्मयचौर्य असंच, चोरीचा हेतू नसताना होतं. ऑनलाइन लेखाचा डीओआय (१० ने सुरू होणारा तो लांबलचक क्रमांक) टिपून ठेवा. वेबपत्ता उद्या बदलेल, डीओआय सहसा त्या लेखापर्यंत पोचवतो. संदर्भ साठवून सूची बनवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वापरा, पण डोळे मिटून नको. ते कधी आडनावाच्या जागी नाव टाकतं, कधी वर्षच गाळतं.

आणि चॅटजीपीटीकडून संदर्भ मागवू नका. लेखक खरा, जर्नल खरं, पण असा लेख जगात कुठेच नाही, असे संदर्भ ते बेधडक देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात असे बनावट खटले दाखल्यादाखल दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलरचा दंड झाला होता.

तुमच्या परत आलेल्या पेपरचं आता असं करा. सूचीची प्रिंट काढा आणि एकेक आडनाव मजकुरात शोधा. सापडलं तर बरोबरची खूण, नाही सापडलं तर ते सूचीतून बाद. मग उलट्या बाजूने, मजकुरातलं प्रत्येक आडनाव सूचीत आहे का ते बघा. शेवटी जी नावं उरतील, त्यातल्या ज्यांचं लिखाण तुम्ही वाचलेलं नाही त्यांच्याभोवती पेन्सिलने गोल करा. पहिल्या खेपेला माझे अकरा गोल झाले होते.