वाचक विचारतात : पनामा ते फिजी, शिडाच्या बोटीतून

गेल्या अंकात मी मित्राच्या बारा मीटर लांबीच्या शिडाच्या बोटीतून पॅसिफिकमधल्या बेटाबेटांवरून केलेल्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. पत्रं बरीच आली. बऱ्याच पत्रांतले प्रश्न सारखेच असल्यामुळे निवडक घेतो. काहींनी बोटीच्या मालकाचा पत्ता मागितला आहे. तो मिळणार नाही.

भर समुद्रात, जमिनीपासून हजारो मैलांवर वादळ आलं तर काय, ही भीती वाटली नाही का?
– निवृत्त बँक अधिकारी, सोलापूर

उत्तर ऐकून तुमचा हिरमोड होईल. भर समुद्रात फारसं काही घडत नाही. दक्षिण पॅसिफिकमधला चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. तो उलटून जाईल अशा बेतानेच या बेटांकडे जायचं असतं. गालापागोस मागे पडलं की आग्नेयेकडचे व्यापारी वारे पाठीशी लागतात आणि थेट मार्केसास बेटांपर्यंत साथ देतात. अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. ताशी पाच-सहा मैलांच्या चालीने तीन ते चार आठवडे. शिडं एकदा नीट लागली की दिवस दिवस दोरीला हात लावावा लागत नाही. रात्री एखादा काळा ढग येतो, पंधरा-वीस मिनिटं वारा दुप्पट होतो, पाऊस झोडपून काढतो आणि निघून जातो. म्हणून दिवे लागणीच्या आत शीड थोडं आवरून घ्यायचं, एवढं पाळलं की झालं.

खरा वैताग डोलण्याचा. मागून येणाऱ्या लाटांवर बोट डावी-उजवीकडे कलंडत राहते, अहोरात्र. चहाचा कप खाली ठेवायची सोय नाही. माझं आयुष्य मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, त्यामुळे समुद्र इतका हलतो हे मला निवृत्तीनंतरच नीट कळलं. पण धोका म्हणाल, तर तो सगळा काठावर असतो. पुढच्या पत्रात तेच विचारलं आहे.

फाकारावाला पोचल्यावरही तुम्ही आत न जाता अर्धा दिवस बाहेरच घिरट्या घातल्यात. का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कोल्हापूर

छान प्रश्न. जरा सविस्तर सांगतो.

मार्केसास ही उंच, ज्वालामुखीची बेटं. हिवा ओआ किंवा फातू हिवाचे कडे लांबूनच दिसतात. फाकारावा ज्यात येतं तो तुआमोतू समूह अगदी उलट. सत्तरहून जास्त कंकणद्वीपं, म्हणजे मधे खारं सरोवर आणि भोवती प्रवाळाचं कडं; उंची काय ती माडांची. सात-आठ मैलांवर येईपर्यंत काही दिसत नाही. १७६८ साली इथून गेलेल्या बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीने याला ‘धोकादायक द्वीपसमूह’ म्हटलं ते उगाच नाही. नॉर्वेच्या थॉर हेयरडालचा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा पेरूहून निघून १०१ दिवस समुद्रात सुखरूप होता. तो फुटला १९४७ च्या ऑगस्टमध्ये, याच तुआमोतूतल्या रारोइयाच्या खडकावर.

आता आत शिरण्याचं. कड्याला एखाद-दुसरी खिंड असते, तिथूनच बोट आत जाते. भरती-ओहोटीचं पाणी तिथूनच आत-बाहेर करतं हे तुला सुचलं असेल. पण आणखी एक गोष्ट असते. वाऱ्याकडच्या बाजूने लाटा कड्यावरून सतत पाणी आत फेकत असतात. ते सगळं पाणी बाहेर पडायला वाट एकच, खिंड. म्हणून बाहेर जाणारा ओघ आत येणाऱ्यापेक्षा जोराचा असतो आणि जास्त वेळ टिकतो. दक्षिणेकडून मोठ्या लाटा येत असतील तर दोन-दोन दिवस तो उलटतच नाही. असा ओघ बाहेरच्या वाऱ्याला समोरासमोर भिडला की खिंडीच्या तोंडाशी उंच लाटा जागच्या जागी उभ्या राहतात. आमच्या इंजिनाचा जोर ताशी सहा मैलांचा. ओघ तेवढाच असेल तर आपण किनाऱ्याकडे बघत जागच्या जागी तरंगत राहणार, तेही दोन्ही बाजूंना प्रवाळ असताना.

म्हणून पाणी स्थिर व्हायची वेळ गाठावी लागते. ती कोष्टकात मिळते, पण अंदाजे. दुर्बीण घेऊन पाण्याचा पृष्ठभाग बघत बसणं हाच खात्रीचा उपाय. शिवाय सूर्य वर आणि पाठीशी हवा. तसा असला की पाणी वाचता येतं: गडद निळं म्हणजे खोल, हिरवट म्हणजे उथळ, तपकिरी-पिवळं म्हणजे प्रवाळ, तिथून दूर व्हा. एकाने पाण्याची चकाकी कमी करणारा चष्मा लावून डोलकाठीवर चढायचं आणि हाताने खुणा करायच्या. सूर्य समोर असेल तर सगळं पाणी चांदीच्या पत्र्यासारखं चमकतं आणि काही म्हणजे काही दिसत नाही. फाकारावाची उत्तरेकडची खिंड चांगली दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, तरी आम्ही थांबलो. घाई कसली होती?

नकाशा पडद्यावर असतोच की, असं तू म्हणशील. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘व्हेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कारगाडोस काराहोसच्या खडकावर रात्री भरधाव आदळली. खलाशी कसलेले होते, नकाशेही उत्तम होते. पण पडद्यावरचं चित्र पुरेसं मोठं करून पाहिलं नसल्याने खडक दिसलाच नाही.

मासे पकडून खाल्ले असतील ना पोटभर? तांबोशी, हेकरू मिळता की नाय थंय?
– मासळीवाला, मालवण

मिळता, पण खाऊचा नाय! तुम्हांला हे पटायला जड जाईल. प्रवाळात एक सूक्ष्म शेवाळवर्गीय जीव वाढतो, तुआमोतूपलीकडच्या गांबिये बेटांवरूनच त्याचं शास्त्रीय नाव पडलंय. शेवाळ चरणारे छोटे मासे त्याचं विष अंगात घेतात, त्यांना मोठे मासे खातात आणि विष साठत जातं. म्हणून खडकातला मोठा हेकरू सर्वांत वाईट. माशाला वास येत नाही, चव बदलत नाही, आणि तळा, उकडा, आंबट घाला, विष जात नाही. ‘सिग्वातेरा’ म्हणतात त्या विषबाधेला. उलट्या-जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि थंड पाणी चटका बसल्यासारखं लागतं. काहींना महिनोन्‌महिने त्रास राहतो. एका खिंडीतला मासा चालतो, शेजारच्या बेटावरचा तोच मासा चालत नाही. हे तिथल्या माणसांनाच माहीत असतं. त्यांना विचारायचं आणि ते स्वतः जो खातात तोच खायचा.

भर समुद्रातल्या माशांना ही भानगड नाही. मागे गळ सोडून ठेवायचा. कुपा आणि माही-माही मिळतात. सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असतात. तिरफळं बरोबर नेली होती, ती सार्थकी लागली.

आम्ही शाकाहारी. महिनाभर भाजीबाजाराशिवाय कसं निभावतं? पाण्याचं काय?
– गृहिणी, सांगली

तुमच्या स्वयंपाकघरातल्या निम्म्या गोष्टी थेट बोटीवर चालतात. कुकर हवाच, गॅस वाचतो आणि बोट कलंडली तरी झाकण बंद असल्याने आमटी सांडत नाही. कांदे, बटाटे, लाल भोपळा, लसूण महिनाभर टिकतात. कोबी अखंड ठेवायचा आणि वरून पानं काढत वापरायचा. तिसऱ्या आठवड्यात हिरवं म्हणून उरतं ते मोड आलेले मूग आणि मटकी. मित्राच्या देशात मोड आणायचे डबे विकत मिळतात. मी ओल्या पंचात बांधून ठेवले, त्याला तो चमत्कार वाटला. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट यांची मी किती तारीफ करावी!

गोडं पाणी फक्त प्यायला आणि शिजवायला. भांडी, अंघोळ समुद्राच्या पाण्याने, शेवटी तांब्याभर गोडं. भात शिजवताना थोडं खारं पाणी घालायचं, मीठ वेगळं नको.

आत्ता तिथे किती वाजले असतील?
– इयत्ता चौथी, वर्धा

मार्केसास बेटांचं घड्याळ आपल्यासारखंच अर्ध्या तासाचं आहे, म्हणून हिशोब सोपा. आपल्यापेक्षा बरोबर १५ तास मागे. तू सकाळी ९ वाजता शाळेत असशील, तेव्हा तिथे आदल्या दिवशीच्या संध्याकाळचे ६.

जुने पॉलिनेशियन दर्यावर्दी होकायंत्राशिवाय इतकी लहान बेटं कशी शोधत?
– भूगोलाच्या शिक्षिका, नाशिक

१९७६ मध्ये ‘होकुलेआ’ ही जोडहोडी हवाईहून ताहितीला गेली, यंत्रांशिवाय, सुमारे चार हजार किलोमीटर. वाट दाखवणारे माऊ पियाइलुग मायक्रोनेशियातल्या सातावाल या चिमुकल्या बेटाचे. कोणता तारा क्षितिजावर कुठे उगवतो हे पाठ, आणि ढगाळ रात्री लाटांची दिशा अंगाने ओळखायची. बेट प्रत्यक्ष दिसावं लागत नाही. कुररी पक्षी संध्याकाळी घराकडे वळतात, त्यांच्या मागे जायचं. कंकणद्वीपावरच्या ढगाच्या पोटाला आतल्या सरोवराची हिरवी झाक येते. ती मी पाहिली, पण जीपीएसने आधी सांगितल्यावर. दक्षिणेत ध्रुव क्षितिजाखाली जातो. रात्रपाळीला माझी सोबत अगस्ती आणि त्रिशंकू.

मलाही सगळं सोडून एखाद्या निर्जन बेटावर एकटं राहायचं आहे.
– नाव नको, पुणे

टॉम नील नावाचा न्यूझीलंडचा गृहस्थ १९५२ मध्ये पन्नाशीला टेकलेला असताना सुवारो बेटावर असा राहायला गेला. डुकरं बाग उकरत, त्यांना मारण्यात त्याचे सुरुवातीचे महिने गेले. १९५४ मध्ये पाठ धरली, हलताही येईना. योगायोगाने एक बोट आली म्हणून वाचला. तरी तो परत परत गेला, अखेर १९७७ मध्ये आजारपणामुळे बेट सोडलं. आता सुवारो कुक आयलंड्सचं राष्ट्रीय उद्यान आहे आणि हंगामात तिथे वनरक्षक असतात. म्हणजे जागा गेली. कोंबड्या पाळता येत असतील तर दुसरं बेट शोधा.

माझी मुलगी अशा बोटीवर जाऊ म्हणते. पाठवावं का?
– एक आई, रत्नागिरी

पाठवा. नौदलाच्या सहा जणी ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये जगाला फेरी मारून आल्या. २०२४-२५ मध्ये त्याच बोटीतून दोघीच, दिलना के. आणि रूपा ए. ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. त्यांचा मार्ग थंड दक्षिण समुद्राचा, केप हॉर्नला वळसा घालणारा. त्यापुढे आमचा प्रवास म्हणजे चैन होती. प्रश्न मुलीचा कमी, बोटीवरच्या इतर माणसांचा जास्त. आधी त्यांच्याबरोबर आठवडाभर किनाऱ्यालगत फिरू दे. पटलं नाही तर उतरता येईल अशा ठिकाणी.

खलाशी म्हणून जायचं तर व्हिसा वगैरे?
– आयटीतला तरुण, हिंजवडी

युरोपच्या शेंगेन व्हिसावर फ्रेंच पॉलिनेशियात (मार्केसास, तुआमोतू त्यातच येतात) जाता येत नाही, तिथला वेगळा घ्यावा लागतो. बोटीतून गेलास तर परतीचं विमानाचं तिकीट किंवा अनामत रक्कम मागतात. अर्जाच्या वेळी वकिलातीकडून ताजे नियम लेखी घे. सामान मऊ पिशवीत, चाकांची बॅग बोटीत मावत नाही. आणि डोक्याला बांधायचा लाल उजेडाचा दिवा स्वतःचा आण. रात्रपाळीत पांढरा लावलास की सगळे ओरडतात.