कार्डिफला पत्रकारिता शिकायला निघालेल्या मुलीच्या बाबांना

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीला कार्डिफ विद्यापीठात पत्रकारितेच्या एम.ए.ला प्रवेश मिळालाय, पण बीबीसीतले राजीनामे, ट्रम्प यांनी बीबीसीवर कोर्टात लावलेला दावा, वृत्तपत्रांच्या मालकीचे सौदे हे सगळं वाचून धास्ती वाटतेय. ब्रिटनमधला हा व्यवसाय बुडतोय का, आणि तिला पाठवावं का?

मी 2007 पासून साऊथ वेल्समध्ये, म्हणजे कार्डिफच्याच भागात, राहते. पहिली नऊ वर्षं इथल्या एका साप्ताहिकात उपसंपादक होते, त्याआधी सांगलीत जिल्हा पुरवणीच्या डेस्कवर. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी बीबीसीचं. नोव्हेंबर 2025 मध्ये महासंचालक टिम डेव्ही आणि वृत्तविभागाच्या प्रमुख डेबोरा टर्नेस यांनी एकाच दिवशी राजीनामे दिले. निमित्त होतं बीबीसीच्या पॅनोरामा या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाचं: त्याच्या एका भागात ट्रम्प यांच्या 6 जानेवारी 2021 च्या, म्हणजे अमेरिकी संसदेवर हल्ला झाला त्या दिवशीच्या, भाषणातले दोन तुकडे सलग जोडून दाखवले होते. मूळ भाषणात त्या दोन्हींमध्ये जवळपास तासाभराचं अंतर होतं. ही चूक गंभीर आहे आणि मी तिची बाजू घेणार नाही. कुणाचंही बोलणं कापलं तर कापल्याची खूण वाचकाला दिसली पाहिजे, हे आम्हाला डेस्कवर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. बीबीसीचे अध्यक्ष समीर शहा यांनी माफी मागितली. (त्यांचा जन्म आपल्या औरंगाबादचा, 1952 सालचा. लहानपणीच इंग्लंडला आले.) पण या एका चुकीने बीबीसी बंद पडणार नाही.

बीबीसीची खरी अडचण पैशाची आहे. इथे थेट प्रक्षेपण पाहायचं, मग ते कुठल्याही वाहिनीचं असो, तर घरटी टीव्ही लायसन्स काढावं लागतं. एप्रिल 2025 मध्ये त्याची रक्कम वर्षाला 174.50 पौंड झाली. 2010 ते 2017 ती 145.50 वर गोठवली होती, 2022 ते 2024 पुन्हा 159 वर. महागाई वाढत राहिली आणि मधल्या काळात वर्ल्ड सर्व्हिस या परदेशांसाठीच्या सेवेचा बराचसा खर्चही याच पैशातून भागवायचा ठरला. तरुण मंडळी यूट्यूब आणि नेटफ्लिक्स पाहतात, त्यांना लायसन्सची गरजच वाटत नाही. बीबीसी ज्या राजसनदेवर चालते तिची मुदत 31 डिसेंबर 2027 ला संपते, म्हणून पुढे पैसा कुठून आणायचा हा वाद आत्ता पेटलाय. माझं मत विचाराल तर गरीब-श्रीमंत सगळ्यांकडून सारखीच रक्कम घेणं, आणि न भरणाऱ्यावर फौजदारी खटला भरणं, मला अन्यायाचं वाटतं. तरीही जाहिरातींवर चालणाऱ्या बीबीसीपेक्षा मी हीच पद्धत पत्करीन.

लंडनच्या बातम्यांत एवढंच दिसतं. मला रात्री झोप लागू देत नाही ती गोष्ट वेगळी आहे, आणि ती कार्डिफपासून रेल्वेने पाऊण तासाच्या आत आहे.

पोर्ट टॅलबॉट नावाचं पोलादाचं गाव आहे. वस्ती तीस-पस्तीस हजारांची. तिथला कारखाना 2007 पासून टाटांकडे आहे, त्यामुळे नाव तुमच्या कानावर असेल. या गावाचं स्वतःचं साप्ताहिक होतं, पोर्ट टॅलबॉट गार्डियन. ते 2009 मध्ये बंद झालं. नोकऱ्या गेलेल्या काही पत्रकारांनी मिळून सहकारी तत्त्वावर मॅग्नेट नावाचं पत्र चालवलं, 2016 मध्ये तेही थांबलं. त्यांच्यातल्या रेचेल हॉवेल्स यांनी या गावातून बातमीदार नाहीसा झाल्यावर काय झालं यावर पीएचडी केली, तीही तुमची मुलगी जाणार त्याच कार्डिफ विद्यापीठात. त्यातलं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. 2014 मध्ये एम-4 महामार्गावर गावातून चढायचा रस्ता, जंक्शन 41, प्रायोगिक तत्त्वावर काही तास बंद ठेवायचं ठरलं. गावाच्या रोजच्या येण्याजाण्याचा प्रश्न, पण कित्येकांना तो रस्ता बंद झाल्यावरच कळला. कागदोपत्री सगळं जाहीर झालेलं असतं, पण ते वाचून, अधिकाऱ्याला फोन करून, चार ओळींत घरोघर पोचवणारं माणूस उरलेलं नसतं.

2024 मध्ये टाटांनी तिथल्या दोन्ही झोतभट्ट्या बंद केल्या, शेवटची 30 सप्टेंबरला. जवळपास 2,800 नोकऱ्यांचा प्रश्न होता. त्या आठवड्यात मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभ्या होत्या. मग त्या परत गेल्या. भरपाई कुणाला किती मिळाली, पुनर्प्रशिक्षणाचे वर्ग खरंच भरतात का, हे दर आठवड्याला विचारायला रोज तिथेच वावरणारा बातमीदार लागतो.

आमच्या साप्ताहिकाचंही असंच झालं. मी रुजू झाले तेव्हा बाजारपेठेत रस्त्यालगत ऑफिस होतं. लोक दार ढकलून आत यायचे: कुणाच्या घरात ओल आलेली, कुणाच्या शाळेची बस बंद झालेली, कुणाला मृत्युलेख द्यायचा असायचा. निम्म्या बातम्या त्या काउंटरवरच मिळायच्या. मालक कंपनीने आधी ते ऑफिस विकलं, मग पानं लावायचं काम दुसऱ्या शहरातल्या हबमध्ये नेलं. शेवटी आम्ही तिघं उरलो आणि कुठल्या बातमीला किती क्लिक मिळाल्या याचा तक्ता रोज सकाळी ई-मेलवर येऊ लागला. एकदा कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या पालिकेच्या, अंदाजपत्रकाच्या सभेला जायची परवानगी मला नाकारली, कारण ‘ते कुणी वाचत नाही’. त्या सभेत दोन वाचनालयं बंद करायचा ठराव झाला. आम्हाला तो तीन आठवड्यांनी समजला, एका वाचकाच्या पत्रातून.

बातमीदार हजर असला म्हणजे सगळं ठीक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. पोस्ट ऑफिसचं प्रकरण बघा. होरायझन या पोस्टाच्या संगणक प्रणालीतल्या दोषांमुळे हिशोबात तूट दिसायची आणि चोरीचा ठपका शाखा चालवणाऱ्या उप-पोस्टमास्तरांवर यायचा. 1999 ते 2015 या काळात 900 हून अधिक लोक दोषी ठरले. सरे परगण्यातल्या सीमा मिश्रांना 2010 मध्ये तुरुंगवास झाला तेव्हा त्या गरोदर होत्या. स्थानिक वृत्तपत्राने आपल्याला ‘गरोदर चोर’ म्हटलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं. गावोगावच्या वृत्तपत्रांनी आपापल्या कोर्टातला निकाल छापला, आणि हीच गोष्ट शेजारच्या गावातही घडतेय हे फार थोड्यांनी पडताळलं. ते पहिल्यांदा जोडून दाखवलं कॉम्प्युटर वीकली या व्यवसायविषयक नियतकालिकाने, मे 2009 मध्ये. त्यानंतर पंधरा वर्षं काही मोजके पत्रकार ते लावून धरत होते. जानेवारी 2024 मध्ये आयटीव्ही या वाहिनीने याच प्रकरणावर चार भागांची मालिका दाखवली तेव्हा देश खडबडून जागा झाला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून त्या शिक्षा रद्द केल्या. सीमा मिश्रांची शिक्षा न्यायालयाने 2021 मध्येच रद्द केली होती. मालिकेचं कौतुक व्हायलाच हवं. मला मात्र त्या पंधरा वर्षांत घरं आणि अब्रू गमावलेली माणसं आठवतात.

मालकी आणि नियमनाचं थोडक्यात सांगते. लंडनच्या टेलिग्राफ या दैनिकाची विक्री 2023 पासून रेंगाळली, आणि त्या निमित्ताने वृत्तपत्रांवरच्या परदेशी सरकारांच्या मालकीवर बंधनं आणणारा कायदा झाला. ती बंधनं हवीच होती. बातम्यांसाठी लोकांचे फोन हॅक केल्याच्या प्रकरणात 2011 मध्ये न्यूज ऑफ द वर्ल्ड हे साप्ताहिक बंद पडलं, वृत्तपत्रांच्या वागणुकीवरच्या लेव्हसन चौकशीचा पहिला भाग झाला, पण पोलीस आणि वृत्तपत्रांच्या संबंधांचा दुसरा भाग 2018 मध्ये सरकारने गुंडाळला. ती चौकशी पुरी व्हायला हवी होती, असं मला आजही वाटतं. वाहिन्यांवर ऑफकॉम या प्रसारण नियामकाचा अंकुश आहे. जीबी न्यूज या वृत्तवाहिनीला 2024 मध्ये निष्पक्षतेचे नियम मोडल्याबद्दल एक लाख पौंड दंड झाला, पण राजकारण्यांनीच सूत्रसंचालन करायचं या नव्या प्रकारापुढे ते नियम तोकडे पडताहेत.

आता तुमच्या मुलीबद्दल. पाठवा, पण आकडे समोर ठेवून. शिक्षणानंतर काम शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचाच मिळेल. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी साधारणपणे 41,700 पौंड पगार लागतो, नवख्यांना सवलतीने 33,400. स्थानिक वृत्तपत्रातल्या शिकाऊ बातमीदाराचा पगार या सवलतीच्या आकड्यापर्यंतही सहसा पोचत नाही. म्हणजे ज्या कामाची इथे सर्वांत जास्त गरज आहे, त्याच कामावर परदेशी मुलीला राहणं जवळपास अशक्य आहे. कर्ज काढून पाठवणार असाल तर हे आधी ठरवा, की दीड-दोन वर्षांत तिला परत यावं लागलं तरी चालेल का. आपल्याकडे बीबीसी मराठीचं काम 2024 पासून कलेक्टिव्ह न्यूजरूम ही भारतीय कंपनी पाहते, कारण डिजिटल वृत्तमाध्यमांत परकीय गुंतवणुकीवर 26 टक्क्यांची मर्यादा आहे. अशा ठिकाणी इथलं शिक्षण वाया जाणार नाही.

अभ्यासक्रमात टीलाइन शॉर्टहँड मिळत असेल तर तिने ते नक्की घ्यावं, मिनिटाला 100 शब्दांपर्यंत. इंग्लंड-वेल्सच्या कोर्टात परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण केलं तर तो न्यायालयाचा अवमान ठरतो, त्यामुळे तिथे वही आणि पेन लागतंच. आणि लोकल डेमॉक्रसी रिपोर्टिंग या योजनेबद्दल तिने जरूर वाचावं. बीबीसीच्या पैशातून देशभर सुमारे 165 बातमीदार नेमलेत. ते स्थानिक वृत्तसंस्थांत बसतात, कौन्सिलच्या सभांना जातात आणि त्यांची बातमी योजनेतल्या सगळ्यांना वापरता येते. एवढ्या मोठ्या देशाला हा आकडा पुरा पडत नाही, पण मी पाहिलेली सध्याची सर्वांत चांगली कामं या पोरांचीच आहेत.

ती सप्टेंबरात आली की मला कळवा. नीथ पोर्ट टॅलबॉट कौन्सिलच्या सभेला सामान्य माणसालाही बसता येतं. पहिल्या महिन्यातच मी तिला तिथे घेऊन जाईन. येताना वही आणायला सांगा.