बज्जल कुणाचा शब्द?

*ताई, आई जाऊन सव्वा वर्ष झालं. मी ३८ वर्षांची, धाकटी ३३. आमच्या घरात एक शब्द होता, ‘बज्जल’. धाकटी अडीच वर्षांची असताना तिला ‘बस जवळ’ म्हणता यायचं नाही, ती ‘बज्जल’ म्हणायची, आणि आईने तो शब्द कायमचा ठेवून दिला. बज्जल म्हणजे काही विचारू नको, फक्त शेजारी येऊन बस. तीन महिन्यांपूर्वी व्हिडिओ कॉलवर माझी सहा वर्षांची मुलगी मावशीला सांगत होती की शाळेत मैत्रीण रडत होती म्हणून मी तिला बज्जल केलं. धाकटीचा चेहराच बदलला. ‘तो आईचा शब्द आहे, शाळेत वाटायचा नाही’ म्हणाली आणि कॉल कट. तेव्हापासून मेसेजला फक्त ‘हो’, ‘ठीक’, नाहीतर अंगठा. मी पण तेवढंच लिहिते. मला किती लागलंय हे तिला कळायला हवं ना? आधी कधी सांगावं लागायचं नाही, मी नाराज असले की एक-दोन दिवसांत तिचा फोन यायचाच. मुलीला तो शब्द वापरू नको म्हणून सांगू का? आणि बाबा. कुणाकडे गेलो की आई खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करायची, म्हणजे आता निघूया, आणि बाबा ‘हं’ म्हणून उठायचे. आता बाबा घरी एकटेच बसलेले असताना स्वतः टकटक करतात. मला ते ऐकवत नाही, मी आतल्या खोलीत निघून जाते. — मोठी*

प्रिय मोठी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा एका ठिकाणी अडकले. धाकटी म्हणते तो आईचा शब्द, तुझंही काही वेगळं म्हणणं दिसत नाही, पण तूच लिहिलंयस की तो आला धाकटीच्या तोंडून. म्हणजे शब्द आईचा नाहीच गं, धाकटीचा आहे, आईने सांभाळला. लहान पोर काहीतरी बोबडं बोलतं, घरातले चार दिवस कौतुक करतात, मग पोर नीट बोलायला लागतं आणि ते बोबडं कुणाच्या लक्षातही राहत नाही, बहुतेक शब्दांचं असंच होतं. हा टिकला कारण आईने तीस वर्षं तो वापरात ठेवला. ती बज्जल म्हणायची तेव्हा तू ऐकत होतीस ‘जवळ ये’, आणि धाकटी बहुतेक त्यासोबत अजून एक गोष्ट ऐकत होती, की मी अडीच वर्षांची असताना कशी बोलायचे हे कुणालातरी अजून आठवतंय. ते आठवणारं माणूस गेलं. आणि एक दिवस स्क्रीनवर भाचीच्या तोंडून तो शब्द अचानक समोर आला, शाळेच्या गोष्टीत. मला वाटतं शब्द घराबाहेर गेला याचा तिला तेवढा राग नाही, तो जाताना तिला कुणी विचारलं नाही याचा आहे. हा माझा अंदाज आहे आणि तो चुकीचाही असेल, खरं काय ते तिलाच विचारावं लागेल, आणि तुझं नेमकं तिथेच अडलंय.

कारण तू वाट बघतेयस की तिला आपोआप कळावं.

आईच्या त्या टकटकीवरून मला एक प्रयोग आठवला. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन नावाच्या विद्यार्थिनीने पीएचडीसाठी केला होता. एकाने ओळखीच्या गाण्याचा ठेका बोटाने टेबलावर वाजवायचा, समोरच्याने गाणं ओळखायचं, बस. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी गाणी तरी ओळखली जातील. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, चाल, शब्द, सगळं, आणि समोरच्याच्या कानावर पडते नुसती टकटक. तू जेव्हा धाकटीला ‘ठीक’ लिहून पाठवतेस तेव्हा तुझ्या डोक्यात आईचं आजारपण असतं, मुलीचा त्या कॉलनंतर पडलेला चेहरा असतो, आपण मोठे म्हणून दर वेळी आपणच का माघार घ्यायची हे असतं. तिला दिसतो एक शब्द, ‘ठीक’. आणि तिच्या ‘हो’मागे काय काय वाजतंय ते तुला तरी कुठे ऐकू येतंय.

तू म्हणशील ती परकी माणसं, आम्ही सख्ख्या बहिणी. पण जवळच्या माणसांचं पण बघून झालंय. २०११ मध्ये केनेथ सॅविट्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नवरा-बायकोच्या जोड्या घेतल्या, एकाने दोन अर्थ निघतील असं वाक्य बोलायचं आणि समोरच्याला खरा अर्थ समजेल का याचा अंदाज करायचा, समोर कधी आपलं माणूस, कधी अनोळखी. बोलणाऱ्यांना ठाम वाटत होतं की आपल्या माणसाला जास्त कळेल. प्रत्यक्षात आपलं माणूस अनोळखी माणसापेक्षा काही पुढे नव्हतं. मला यात आपल्या माणसांचा दोष दिसत नाही, होतं असं की जवळच्या माणसाशी बोलताना आपण समजावून सांगायचे कष्टच घेत नाही, त्याला माहितीये असं धरून चालतो.

माझ्या घरातलंच सांगते. आमचे वडील बोलता बोलता मान वर करून पंख्याकडे बघायचे. मला पक्कं माहीत होतं की याचा अर्थ ‘विषय बदला, पाहुण्यांसमोर नको’. आम्ही दोघं भावंडं चाळिशीला आलो तेव्हा सहज बोलताना कळलं की भावाने लहानपणभर त्याचा अर्थ लावला होता ‘बाबा माझ्यावर चिडलेत’. एकच घर, एकच पंखा. मी विषय बदलायचे आणि मोकळी व्हायचे आणि तो माझ्या शेजारी बसून घाबरलेला असायचा, आणि वीस वर्षं आम्हाला वाटत होतं की आम्हा दोघांना बाबांची खूण बरोब्बर कळते. त्याने ते सांगितलं त्या रात्री मला झोप नाही लागली.

आता तुला एक विचारते, नीट आठवून बघ. तू नाराज असायचीस आणि एक-दोन दिवसांत धाकटीचा फोन यायचा. त्या एक-दोन दिवसांत तू आईशी बोललेली असायचीस का?

मला वाटतं असायचीस. आणि आई मग धाकटीला सहज म्हणत असणार, अगं ताईला एक फोन कर. तिने हे कधी तुम्हाला सांगितलं नसेल, असल्या गोष्टी आया सांगत नाहीत. तुमच्या दोघींमध्ये न बोलता कळायचं ते असं बरंचसं आईमार्फत कळायचं. तुझी बहीण बदलली, तुटक झाली असं तुला वाटतंय, पण कदाचित ती तशीच आहे आणि तिकडे बसून तीही वाट बघतेय की ताईला कळेल. मधलं माणूस गेलंय, आणि त्याचं काम दोघींपैकी कुणीच उचललेलं नाही. हे वाचून तुला आई अजून एकदा गेल्यासारखी वाटेल, मला माहितीये, तरी लिहिते, कारण ‘बहिणीला माझी पर्वा नाही’ असं मनात धरून बसण्यापेक्षा हे बरं.

आणि एका शब्दावरून एवढं काय, असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. १९८१ मध्ये रॉबर्ट हॉपर, मार्क नॅप आणि लॉरेल स्कॉट यांनी जोडप्यांच्या खासगी शब्दांचा अभ्यास केला, टोपणनावं, भर माणसांत ‘चल निघूया’ सांगायच्या खुणा, चिडवायचे शब्द, प्रेमाचे शब्द. म्हणजे तुझ्या आईबाबांची टकटक संशोधकांच्या पण यादीत बसते. हे शब्द कुठल्या कोशात नसतात. ते फक्त ती चार माणसं असेपर्यंत असतात.

अंदमानात २०१० साली बोआ सीनियर नावाच्या आजी वारल्या. अका-बो भाषा बोलणारं त्यांच्यानंतर कुणी उरलं नाही. शेवटची कित्येक वर्षं त्यांच्याशी त्या भाषेत बोलायला माणूस नव्हतं, लोकांशी बोलण्यासाठी त्यांना अंदमानी हिंदी शिकावी लागली. भाषा येत असून काय उपयोग, दुसरं माणूस हवं ना. तुमच्या घरची बोली लहानपणापासून येणाऱ्या तुम्ही दोघीच बहिणी आता उरलात, सोबतीला बाबा, आणि तुम्ही दोघी तीन महिने एकमेकींना अंगठे पाठवताय. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मुलीला थांबवू नकोस, अजिबात नाही. तिने काय केलं ते बघ ना. मैत्रीण रडत होती, तर ही काही न विचारता जाऊन शेजारी बसली. शब्द तिने अगदी बरोबर वापरला, आणि तिला अर्थ कुणी बसवून समजावला असेल असं मला वाटत नाही, आजीने तिच्यासोबत कितीदा तरी बज्जल केलं असणार त्यातून तिने तो उचलला. म्हणजे देणारी आजीच. हे धाकटीला माहीत नसेल. तिला बहुतेक वाटतंय की तू शिकवलास. आणि त्या दिवसापासून मुलगी तो शब्द बोलायची बंद झाली असेल तर आधी तिला सांग की तुझं काही चुकलं नाही, मावशीला आजीची आठवण आली. सहा वर्षांच्या पोराला एवढं पुरेसं कळतं.

धाकटीला फोन कर, मेसेज नको. मेसेजमध्ये तुम्ही दोघींनी सवयच लावून घेतलीये एका शब्दाची. फोनवर काय बोलायचं ते सुचलं नाही तर हे घे: ‘बज्जल तू केलेला शब्द आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तो पहिल्यांदा माझ्या पोरीच्या तोंडून ऐकला तेव्हाच मी तुला सांगायला हवं होतं. तुला त्या दिवशी काय वाटलं ते मला सांग, मी मध्ये बोलणार नाही.’ आणि खरंच मध्ये बोलू नकोस. ती रडली तर रडू दे, चिडली तर चिडू दे, तुझं लागलेलं तू नंतर सांग, पण सांग नक्की, सरळ शब्दांत, ‘तू कॉल कट केलास त्याने मला असं असं वाटलं’. एवढं स्पष्ट बोलायला बहिणीबहिणींत कसंतरीच वाटतं, परकं वाटतं, माहितीये. पहिल्या दोन-तीन वेळाच वाटतं. एक मात्र पाळ, ‘बज्जल’ म्हणून तिला मनवायला जाऊ नकोस. तो तिच्या तोंडून यायचा तेव्हा येऊ दे.

ती कदाचित पहिल्या फोनला नीट बोलणार नाही. आठवड्याने परत कर.

बाबांचं तू शेवटी दोन ओळींत उरकलंस आणि मला तेच सगळ्यात जास्त लागलं. ते टकटक का करतात हे मला माहीत नाही, तुलाही नाही. हाताला लागलेली सवय असेल, आईची बाजू पण आता तेच वाजवत असतील, किंवा खरंच कुठेतरी निघावंसं वाटत असेल. इतकी वर्षं टकटक आईची आणि ‘हं’ त्यांचं असं होतं, आता टकटक त्यांची आहे आणि पुढे कुणाचाच आवाज येत नाही, कारण तू आत निघून जातेस. यावर तुला काही मोठं करायचं नाहीये. आज संध्याकाळी शेजारच्या खुर्चीत जाऊन बस, आणि टकटक झाली की विचार, ‘कुठे जायचं, बाबा?’ आणि चप्पल जवळ ठेव, ते एखादवेळी खरंच उठतील.

— ताई